३१ ऑगस्ट शाळेत यावा
गुलामगिरी संपल्याची खबर टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरात पोचली १९ जून १८६५ला, लिंकनच्या मुक्तिघोषणेनंतर तब्बल अडीच वर्षांनी. अमेरिकेतली कृष्णवर्णीय कुटुंबं आजही तो दिवस लेकराबाळांसह, सारी वस्ती जमवून साजरा करतात. त्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली, केवढी दूरची नजर! आपल्याकडेही स्वातंत्र्य सगळ्यांपर्यंत एकाच दिवशी पोचलं नाही. १८७१च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा शिक्का पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ला, देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं उलटल्यावर. लोकांच्या नजरेतला शिक्का अजून पुरता गेलेला नाही, याची मला चीड येते. अशाच जमातींपैकी यवतमाळ जिल्ह्यात फासेपारध्यांचे बेडे आहेत, पुसद-दिग्रसकडे बंजारा तांडे आहेत. तिथल्या झेडपी शाळांनी ३१ ऑगस्टच्या विमुक्त दिनाला बेड्यावरच्या जुन्या माणसांना मानानं बोलवावं. पोलिसांकडे रोजची हजेरी कशी लागायची, हे आईबापांकडून ऐकलेलं त्यांनी मुलांना सांगावं. तांड्यातल्या बायांनी गोरमाटी बोलीतली गाणी शिकवावीत. एखाद्या पारधी पोरीनं आपल्या बोलीत भाषण करावं, आणि कळलं नाही ते गुरुजींसकट सगळ्यांनी तिलाच विचारावं.