फुगलेले गुण, रिकामे वर्ग

बारावीच्या गुणांना आता अर्थ उरलेला नाही, तेव्हा चांगल्या कॉलेजांनी ते बघूच नयेत, थेट प्रवेश परीक्षेवर मुलं घ्यावीत, हे मत हल्ली इतक्या ठामपणे मांडलं जातं की शंका काढणाराच मागासलेला ठरतो.

या मताला आधार नाही असं नाही. 2021 मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या काही नामांकित कॉलेजांची पहिली कट-ऑफ 100 टक्क्यांवर लागली. 99 टक्केवाला दारातूनच परत! पुढच्या वर्षी केंद्रीय विद्यापीठांसाठीची सामायिक प्रवेश परीक्षा, सीयूईटी, आली. आपल्याकडे 2025 च्या दहावीत 211 मुलांना पैकीच्या पैकी गुण पडले, त्यांतली 113 एकट्या लातूर विभागातली. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा, लोककला, खेळ यांच्या सवलतीच्या गुणांनी टक्केवारी किती चढते, हे दहावीचं मूल असलेल्या कुठल्याही घराला विचारा. गुण फुगलेत, मान्य.

पण त्यावरचा उपाय आपण महाराष्ट्रात कधीचाच करून बसलो आहोत, आणि त्याची फळंही समोर आहेत. इंजिनीअरिंगला खुल्या प्रवर्गातल्या मुलाला बारावीत विज्ञान गटाचे 45 टक्के पुरतात. कॉलेज कुठलं मिळणार ते राज्याच्या प्रवेश परीक्षेचं, सीईटीचं, पर्सेंटाइल ठरवतं. मुलांनी यातून जो निष्कर्ष काढायचा तोच काढला. अकरावीचा प्रवेश नावापुरता, क्लासशी ‘टाय-अप’ असलेल्या एखाद्या कॉलेजात, आणि दिवसभर मुक्काम क्लासमध्ये. 2018 मध्ये सरकारला विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. गुणांचा धाक गेला, म्हणून अंगठ्याचा ठसा आला. देशपातळीवरही तेच: इंजिनीअरिंगच्या जेईई मेन परीक्षेच्या गुणवत्ता यादीत 2013 ते 2016 या काळात बारावीच्या गुणांना 40 टक्के वजन होतं. 2017 पासून तेही गेलं.

दुसरा युक्तिवाद असा की प्रवेश परीक्षा सर्वांना सारखी असते. प्रश्नपत्रिका सारखी असते, तयारी नव्हे. तीन तासांत दीडशे बहुपर्यायी प्रश्न सोडवण्याचा वेग सरावाने येतो, आणि तो सराव विकत मिळतो. बोर्डाची परीक्षाही काही तपश्चर्या नव्हे. गाइडं पाठ करणारे तिथेही तरतातच. तरी तिथे मुलाला मांडून लिहावं लागतं, प्रयोग करावे लागतात, भाषेचे पेपर द्यावे लागतात. पुढे चार वर्षं कॉलेजात जे करायचं, त्याच्याशी याचंच नातं जवळचं आहे. उशिरा जागा झालेल्या मुलाला प्रवेश परीक्षा दुसरी संधी देते, हा मात्र तिचा खरा गुण. म्हणून ती मोडीत काढा असं मी म्हणत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. गुण टाकू नका, त्यांची तुलना कोणाशी करता ते बदला. आपण वर्षानुवर्षं मंडळा-मंडळांतच भांडलो. अकरावीसाठी 2008 चं पर्सेंटाइलचं सूत्र आणि राज्य मंडळाच्या मुलांना 90 टक्के जागा देणारा 2009 चा 90:10 कोटा न्यायालयात टिकले नाहीत. सर्वांत चांगल्या पाच विषयांचे गुण धरणारं 2010 चं ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकलं. या सगळ्या खटाटोपात लातूरच्या नावाजलेल्या शाळेतले 92 टक्के आणि गडचिरोलीतल्या, विज्ञानाचा शिक्षक वर्षभर न मिळालेल्या शाळेतले 82 टक्के यांचं काय करायचं, हे ठरलंच नाही. दुसरं मूल आपल्या शाळेत पहिलं आलं असेल, तर त्याने हाताशी होतं त्यातलं सगळं वापरलं आहे. नामांकित कॉलेजने शोधायला हवं ते हे मूल.

टेक्सासने 1997 मध्ये कायदाच केला: राज्यातल्या प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. ऑस्टिनच्या विद्यापीठाला गर्दीमुळे ही मर्यादा पुढे खाली आणावी लागली, पण तत्त्व तेच राहिलं. आपल्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांनी निम्म्या जागा तरी अशा, स्वतःच्या शाळेतल्या क्रमांकावर भराव्यात. बाकीच्या खुशाल सीईटीवर.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे पालक लबाडी करतील, वरचा क्रमांक मिळावा म्हणून मुलाला मुद्दाम साध्या शाळेत घालतील. घालू देत की! पुण्या-मुंबईचे पालक तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजसमोर रांग लावू लागले, तर तिथल्या रिकाम्या शिक्षकपदांबद्दल आमदाराला जाब विचारणारं कोणीतरी पहिल्यांदाच मिळेल.