दिवसाला दहा रुपयांची करुणा

दारिद्र्यरेषेखालील अपंगांसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २००९ मध्ये इंदिरा गांधींच्या नावाने निवृत्तिवेतन योजना सुरू केली. महिन्याला २०० रुपये ठरले. २०१२ मध्ये त्यांचे ३०० झाले. पुढे सरकार बदलले, २०१५ मध्ये पंतप्रधानांनी अपंगांना ‘दिव्यांग’ हे नवे नाव सुचविले, महागाई कुठल्या कुठे गेली. ३०० चा आकडा मात्र जागचा हलला नाही. दिवसाला दहा रुपये! ज्या राज्यकर्त्यांना ही रक्कम पुरेशी वाटते, त्यांनी तीत एक दिवस तरी काढून दाखवावा.

हे दहा रुपये तरी कोणाला मिळतात? २०१६ च्या हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि आरक्षणासारख्या तरतुदींसाठी ४० टक्क्यांची मर्यादा मानली. निवृत्तिवेतनाच्या दारावर मात्र ८० टक्क्यांचा अडसर आहे. ६० टक्क्यांचा दाखला असलेला भूमिहीन शेतमजूर सरकारी नोकरीतील आरक्षणाला पात्र ठरतो आणि भाकरीला अपात्र! ज्याच्या वाट्याला शाळाच आली नाही, त्याने ते आरक्षण घेऊन करावे काय? शिवाय दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर ८० टक्क्यांचा दाखलाही केंद्राच्या दृष्टीने कागदाचा कपटाच.

याच कायद्याचे २४ वे कलम सांगते की, अपंगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे. केंद्राच्या विधवा योजनेत ७९ वर्षांपर्यंत ३०० रुपये मिळतात. अपंगांनाही ३०० च. म्हणजे कायद्याप्रमाणे निदान ३७५ हवेत. वयाच्या ८० वर्षांनंतर वृद्ध, विधवा व अपंग या साऱ्यांना सारखेच ५००. विधवांचे ३०० ही तुटपुंजेच आहेत, ते वेगळे. पण संसदेने केलेला कायदा सरकारच्याच हिशेबवहीत मोडला जातो, हे या आकड्यांवरून उघड होते.

सरकार ‘आर्थिक कुवती’कडे बोट दाखवील, हा शब्द त्या कलमातही आहे. परंतु २०१९ मध्ये सवलती न घेणाऱ्या देशी कंपन्यांच्या कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणताना ही कुवत आडवी आली नव्हती. आंदोलनांचा रेटा वाढताच महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये संजय गांधी निराधार योजनेतील अपंगांचे मासिक साहाय्य १५०० वरून २५०० रुपये केले. मग दिल्लीची तिजोरी मुंबईहून रिकामी आहे काय?

मर्यादा ४० टक्क्यांवर आणा, यादीचा जाच काढा, रक्कम महागाईशी जोडा, या मागण्या दयेच्या नाहीत, कायद्याच्या आहेत. कार्यकर्त्यांनी अपंगांचे अर्ज घेऊन तहसील कचेरीत जावे, नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण लेखी मागावे आणि ३०० व ३७५ मधील तफावतीचा जाब खासदारांना गावसभेत विचारावा. तो हिशेब समजण्यासाठी अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.