सकाळचे डॉक्टर, संध्याकाळचे डॉक्टर

माझं गाव राजूर. वणी तालुक्यातलं, कोळशाचं आणि चुनाभट्ट्यांचं. धूळ सगळ्यांच्याच वाट्याला, त्यामुळे खोकलाही घरोघरी. माझे बाबा भट्टीवरच कामाला.

मागच्या दिवाळीत त्यांचा दम वाढला म्हणून आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. दीड तास रांग, दोन मिनिटं तपासणी. स्टेथोस्कोप शर्टावरूनच लागला. गोळ्या लिहून देताना डॉक्टर हळूच म्हणाले, "संध्याकाळी तिकडे आणा, नीट बघू."

संध्याकाळी 'तिकडे' गेलो. डॉक्टर तेच! पण आता वीस मिनिटं तपासलं, कामाचं विचारलं, पंप कसा ओढायचा ते स्वतः करून दाखवलं. फी आणि औषधात बाबांची दोन दिवसांची मजुरी गेली. परत येताना बाबा म्हणाले, "माणूस तोच हाये रे, पण सकाळचा येगळा अन् संध्याकाळचा येगळा."

खरं सांगतो, मला त्या डॉक्टरांचा नुसता राग नाही येत. बाबांना बरं त्यांनीच केलं. सकाळी शंभर पेशंट, हाताशी माणसं कमी, राहायला धड क्वार्टर नाही, हेही खरंच. पण सकाळी रांगेत उभा असलेला माणूस हाच संध्याकाळचं गिऱ्हाईक असेल, तर सकाळचं काम चांगलं करण्यात डॉक्टरांचाच तोटा नाही का? आणि ज्याच्याकडे संध्याकाळचे पैसे नाहीत, त्याला दोन मिनिटांवरच भागवावं लागतं. गोम इथेच आहे.

हे काही आजचं नाही. सरकारी पगारी डॉक्टरांनी खाजगी प्रॅक्टिस करू नये, असं भोर समितीने 1946 सालीच सांगितलं होतं. महाराष्ट्रात 2012 च्या शासन निर्णयाने वैद्यकीय अधिकाऱ्यांना ती बंद केली आणि बदल्यात 35 टक्के व्यवसायरोध भत्ता दिला. भत्ताही घ्यायचा आणि दवाखानाही चालवायचा, म्हणजे दोन्ही हातांत लाडू! अशी प्रॅक्टिस म्हणजे भ्रष्टाचाराचा गुन्हा नव्हे, खात्याने कारवाई करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये म्हटलं. पण खात्याने डोळे मिटले तर?

नुसती बंदी घालूनही भागणार नाही. माणूस नोकरीच सोडून जाईल आणि सकाळची दोन मिनिटंही जातील. म्हणून आधी रिकामी पदं भरा, क्वार्टर द्या, मग भत्ता घेणाऱ्यावर नियम कडक लावा. तज्ज्ञ पूर्णवेळ मिळत नसेल तर खाजगी डॉक्टरांना केसमागे मानधन देऊन उघडपणे बोलवा. जे व्हायचं ते पाटीवर लिहून व्हावं, कानात सांगून नको. आपल्या शेजारच्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात 1969 पासून डॉक्टर खाजगी प्रॅक्टिस न करता काम करतात. म्हणजे जमत नाही असं नाही.

आणि हो, आपण हसायचं कारण नाही. वर्गात युनिट अर्धवट सोडून संध्याकाळच्या क्लासला बोलावणारे सर आपण ऐकले आहेत ना? (आपल्याकडे नाहीतच, असतील तर त्यांनी हलके घ्यावे!) उद्या आपल्यातलेच काही सरकारी खात्यात इंजिनिअर होतील. तेव्हा 'संध्याकाळी तिकडे या' हे वाक्य आपल्या तोंडून निघू नये, एवढं मी तरी स्वतःला बजावून ठेवलं आहे. तुमचं काय?