मोजमाप कोणाच्या श्वासाचे?

शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचे पाणी मुंबईकरांच्या नळास पोहोचण्यापूर्वी प्रयोगशाळेत तपासले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच तालुक्यात पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर फळ्या कापणारा आदिवासी तरुण जी हवा घेतो, ती मोजण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. काय मोजावयाचे आणि काय नाही, हा प्रश्न केवळ विज्ञानाचा नव्हे. तो सत्तेचाही आहे.

शहापूर-मुरबाडची घरे एके काळी कारवीच्या कुडाची होती. आज धनिकाचा बंगला असो वा गरिबाचे कपाट, सर्वत्र प्लायवुड, पार्टिकल बोर्ड व एमडीएफ आले आहे. भुसा आणि लाकडाचे तुकडे ज्या स्वस्त युरिया-फॉर्मल्डिहाइड राळेने चिकटवितात, तिच्यातून फॉर्मल्डिहाइड वायू दीर्घकाळ झिरपत राहतो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे ही त्याची पहिली खूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना मानवास कर्करोग जडविणाऱ्या द्रव्यांत केली. २०१० साली संघटनेने घरातील हवेसाठी घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली.

मोजण्याची विद्या आपल्याकडे नाही असे नव्हे. फळीचे तुकडे टोल्युईनमध्ये उकळून त्यांतील फॉर्मल्डिहाइड मोजण्याच्या पद्धतीचे भारतीय मानक १९९३ सालचे आहे. दुसऱ्या पद्धतीत फळी बंद कोठडीत ठेवून बाहेर पडणारा वायू मोजतात. मात्र युरोपीय मानकाप्रमाणे त्या कोठडीत तापमान २३ अंश आणि आर्द्रता ४५ टक्के असते. उष्णता व दमटपणा वाढला की वायूही वाढतो. तेव्हा वैशाखातील पत्र्याखालची शेड किंवा आषाढात दारे-खिडक्या लावलेली खोली यांचा हिशेब फळीवरील शिक्क्यात सापडणार नाही.

अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळानंतर बेघरांना दिलेल्या ट्रेलर-घरांत लोक आजारी पडले. त्यांनी आवाज उठविला, म्हणून हवा मोजली गेली; २०१० साली फळ्यांवर मर्यादा घालणारा कायदाही झाला. आपल्याकडे २००९ च्या राष्ट्रीय मानकांतील १२ प्रदूषकांत फॉर्मल्डिहाइड नाही, आणि ती मानकेही बाहेरच्या हवेची. कारखान्यातील हवेसाठी मर्यादा आहे; परंतु वीज वापरणाऱ्या ठिकाणास कारखाना ठरविण्यासाठी पूर्वी १० कामगार पुरत, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेने ती संख्या २० केली. चार-सहा जणांची सुतारशेड आधीच कायद्याबाहेर होती. आता मोठ्या शेडही तिच्या पंक्तीस बसल्या.

कमी वायू सोडणारी फळी महाग पडते, असा आक्षेप घेतला जाईल. पण स्वस्त फळीची उरलेली किंमत सुतार आपल्या फुप्फुसाने चुकती करतो. ती फक्त बिलावर दिसत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. आश्रमशाळा, वसतिगृहे व शासकीय कार्यालये यांसाठी कमी उत्सर्जनाचीच फळी खरेदी व्हावी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने लहान शेडमधील हवा उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात प्रत्यक्ष मोजावी व आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. आपल्या कार्यकर्त्यांनी पहिले पाऊल म्हणून तालुक्यातील सुतार कामगारांची नोंद करावी. ज्यांची गणतीच नाही, त्यांच्या श्वासाचे मोजमाप कोण करणार?