पहिल्या नंबरची लोकशाही आणि आपली ग्रामसभा



शाळेत पोरांचे नंबर लावतात, तसे लंडनची एक संस्था दरवर्षी देशांचे नंबर लावते. कुठल्या देशात लोकशाही किती, त्याचे मार्क. २०१० सालापासून पहिला नंबर नॉर्वेचा. आपला देश बराच खाली. पाड्यावरच्या बैठकीत आम्ही हे सांगितलं, तर एक आजी म्हणाली, "पहिल्या नंबरवाले तरी आदिवासीला इचारून जमीन घेतात का?"

आजीचा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर ऐका.

नॉर्वेतही आदिवासी आहेत. त्यांना सामी म्हणतात. बर्फाच्या मुलखात ते रेनडिअर पाळतात. रेनडिअर म्हणजे मोठ्या शिंगांचं, हरणाच्या जातीचं जनावर. फोसेन नावाच्या भागात या जनावरांची हिवाळ्यातली चराई होती. त्या डोंगरांवर १५१ पवनचक्क्या उभ्या केल्या. आपल्याकडे धुळ्याच्या साक्री तालुक्यात आहेत, तशाच. सामी लोक नको म्हणत होते, कोर्टात भांडत होते. केस चालू असतानाच पंखे फिरायला लागले.

११ ऑक्टोबर २०२१ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: परवाने बेकायदा, सामींच्या संस्कृतीचा हक्क मोडला. अकराच्या अकरा न्यायाधीश एकमताने बोलले. मग पंखे थांबले का? नाय थांबले. पाचशे दिवस गेले. २०२३ च्या फेब्रुवारीत सामी पोरं-पोरी राजधानीत, मंत्र्याच्या ऑफिसात जाऊन बसली. पोलिसांनी त्यांना उचलून बाहेर काढलं. मग पंतप्रधानांनी माफी मागितली. पुढे तडजोड झाली, पैसे ठरले, दुसरीकडे चराई द्यायचं ठरलं. पंखे अजून तिथेच आहेत.

कोणी म्हणेल, तिथे निदान कोर्टाने न्याय दिला, पंतप्रधान माफी मागतो, हे काय कमी आहे? कमी नाय. आम्ही नॉर्वेला शिव्या देत नाही. सामींची स्वतःची संसदही तिथे १९८९ पासून आहे. पण त्या संसदेला सल्ला देता येतो, प्रकल्प अडवता येत नाही. मोठ्या संसदेत हात मोजले की मूठभर माणसं हरणारच. मार्क देणारे निवडणूक बघतात, पेपरला बोलायची मोकळीक बघतात. ते बघायलाच पाहिजे. पण ज्याच्या पायाखालची जमीन जाते त्याला आधी विचारलं का, हे मार्कांत दिसत नाही.

आता खालच्या नंबरच्या आपल्या देशातली गोष्ट. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. २०१३ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा गावं नाही म्हणाली. खाण झाली नाही. ती गावं काही नॉर्वेपेक्षा श्रीमंत नव्हती. फरक एवढाच, की खणायच्या आधी विचारलं. मागाहून मागितलेल्या माफीने चराई परत येत नाही.

हा हक्क आपल्याला कोणी दान दिलेला नाही. लोक लढले, म्हणून २००६ चा वनहक्क कायदा आला. पण २०२२ साली केंद्राने वनजमीन देण्याचे नियम बदलले. आता दिल्लीची मंजुरी आधी, वनहक्काचं राज्याने मागाहून बघायचं. म्हणजे आपल्यालाही फोसेनच्याच वाटेने न्यायचं आहे.

आणि साथींनो, दोष नुसता दिल्लीचा नाही. आमच्याच पाड्यावर रेशनच्या कामासाठी म्हणून कोऱ्या रजिस्टरवर सह्या-अंगठे घेतले. ठराव वर मागाहून लिहिला. आम्ही बारावी शिकलेली पोरं तिथे हजर होतो आणि गप्प बसलो. त्याची आम्हाला लाज वाटते. म्हणून हे लिहितो आहोत.

विधानसभेत २८८ पैकी २५ जागा आदिवासींना राखीव आहेत. निवडून गेलेला आपला माणूस तिथे पक्षाच्या शिट्टीवर हात वर करतो. गावाच्या वतीने हात वर करायचा तर तो आपणच करायला पाहिजे. गडचिरोलीतलं मेंढा गाव म्हणतं, आमच्या गावात आम्हीच सरकार. ते नुसतं म्हणत नाही, तसं चालवून दाखवतं.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला एवढं करा:

- कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. ठराव आधी मोठ्याने वाचून घ्या. आपल्या बोलीत समजावून सांगायला लावा.
- वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं पाहिजेत. हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. नसतील तर सभा झाली असं लिहू देऊ नका.
- ठरावाची नक्कल गावात ठेवा.

देशाचा नंबर लंडनवाले लावोत. आपल्या गावाचा नंबर आपण लावू.

जिंदाबाद!