ब्रेल शिकवणार कोण?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २०१६ साली अंध मुलाला एक मोलाचा हक्क दिला. सहा ते अठरा वर्षांच्या मुलाने जवळच्या शाळेत शिकावे की विशेष शाळेत, ही निवड त्याची. शिक्षण मात्र दोन्हीकडे विनामूल्य. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात, जंगलातल्या एखाद्या टोल्यावर, या निवडीला अर्थ किती? गावच्या शाळेत ब्रेल शिकवणारा नसेल, तर मूल घर आणि घरची गोंडी मागे ठेवून वरोऱ्याच्या आनंदवनातील अंध विद्यालयासारख्या दूरच्या संस्थेत जाते, नाहीतर वर्गात नुसते ऐकत बसते. आनंदवनाचे कार्य थोर आहे. परंतु त्या थोरवीच्या आडोशाला शासनाने उभे राहू नये.

ब्रेल ही भाषा नव्हे, लिपी आहे. सहा टिंबांच्या त्रेसष्ट रचनांत भारतीय भाषांची अक्षरे बसवणारी भारती ब्रेल १९५१ साली ठरली. तिच्यात ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येत नाही. उच्चाराप्रमाणे आधी क, मग इ. लिपी समजायला सोपी आहे, बोट तयार व्हायला वेळ लागतो. टिंबे न दाबता, न घासता बोट ओळीवरून सरकले पाहिजे आणि दुसऱ्या हाताने पुढची ओळ शोधली पाहिजे. पाटीवर टोचणीने लिहायचे ते उजवीकडून डावीकडे, म्हणजे कागद उलटल्यावर अक्षर सुलट लागते. मोहफुले वेचणाऱ्या, बांबू विणणाऱ्या घरातल्या मुलाची बोटे मुळात अडाणी नसतात. पण हे रोजच्या सरावाचे काम आहे, कधीमधी येणाऱ्या फिरत्या शिक्षकाचे नव्हे.

आता फोनच वाचून दाखवतो, मग ब्रेल कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक कानाला कसा कळावा? आणि डोळस मुलांना केवळ ऐकून शिका, असे हे गृहस्थ सांगतील काय?

समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. तेवढ्यात पाटी आणि कागद येतील, शिक्षकाचा पगार निघणार नाही. मात्र ब्रेल जाणणारे शिक्षक नेमण्याचे कर्तव्य अधिनियमाच्या सतराव्या कलमाने शासनावर टाकलेले आहे. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला व पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. ग्रामसभांच्या अशा मिळकतीतूनच शिक्षक नेमावा, अशी सूचना उद्या होईल. ती मान्य करणे म्हणजे शासनाला ऋणमुक्त करणे होय. कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत वेगळाच ठराव मांडावा: गावात अंध मुले किती, त्यांना ब्रेल कोण शिकवतो, आठवड्यातून किती दिवस, याचे लेखी उत्तर शिक्षण विभागाने पुढच्या सभेपूर्वी द्यावे.