शिक्षा संपल्यानंतर

सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या उज्जयिनीत अत्याचाराने घायाळ झालेली एक अल्पवयीन मुलगी मदतीसाठी दारोदार फिरली. अखेर बडनगर मार्गावरील एका आश्रमातील तरुणाने तिला वस्त्र दिले व पोलिसांना बोलाविले. क्षिप्रातीरी राहणाऱ्या आम्हां सर्वांची मान त्या दिवशी खाली गेली. कठोरात कठोर शिक्षेची मागणी झाली, ती योग्यच होती. परंतु असे बहुतेक अपराधी एके दिवशी सुटून कोठल्या तरी गल्लीत परत येतात. तेथे त्यांच्यावर लक्ष कोणी ठेवावयाचे?

१९५८ च्या कायद्याने परिवीक्षा अधिकारी, म्हणजेच प्रोबेशन ऑफिसर, देशभर नेमले जाऊ लागले. हा अधिकारी अपराध्याची भेट घेतो, त्याला काम मिळावे म्हणून खटपट करतो, वागणुकीचा अहवाल न्यायालयास देतो. मात्र जन्मठेपेस पात्र असलेल्या गुन्ह्यांना ती सवलत नाही. म्हणून बलात्कारी प्रौढ या देखरेखीबाहेर राहतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने, घोर अपराधात प्रौढांप्रमाणे खटला चाललेल्या सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी वैयक्तिक सुधार-योजना व दरवर्षीचा पाठपुरावा आवश्यक केला. २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही झाली. ती तपासास उपयोगी खरी, पण नोंदवही कोणाच्या दारी जाऊन चौकशी करीत नाही.

औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसविली. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा बोलपट तिच्यावरूनच सुचला. तेथे विश्वास होता, त्याच्या जोडीला रोजचे श्रमही होते. कॅनडातील हॅमिल्टन येथे १९९४ मध्ये एका धर्मोपदेशकाने सुटलेल्या लैंगिक अपराध्याभोवती स्वयंसेवकांचे मंडळ उभे केले. अशा मंडळांतील माणसे त्याला नियमित भेटतात, एकलेपणात सोबत करतात, मुलांजवळ वावरतोस काय असे स्पष्ट विचारतात आणि धोका दिसताच अधिकाऱ्यांना कळवितात. अशांकडून पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण कमी झाल्याचे पुढील पाहण्यांत आढळले.

आपल्याकडे पोलिसांकडे नोंदल्या जाणाऱ्या दहांपैकी नऊहून अधिक बलात्कारांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. कधी तो नात्यातलाच निघतो. मग घराण्याच्या अब्रूसाठी मौन पाळले जाते, नाहीतर त्याला दूरच्या गावी धाडले जाते. दोन्ही मार्गांनी तो नजरेआड होतो आणि दुसऱ्या कोणाच्या लेकरापाशी पोहोचतो.

म्हणून वाचकहो, आमचे नम्र सांगणे एवढेच. तक्रार दडपू नये. पीडितेला क्षमेचा आग्रह करू नये. तिची सुरक्षितता प्रथम. परतलेल्याला काम व उपचार मिळावेत, पण घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला मुलांसह एकटे कधीही सोडू नये. सरकारी अधिकारी महिन्यातून एखादे वेळी येईल. उरलेले दिवस ही जबाबदारी आपलीच आहे.